आकाशाची शीव आणि संरक्षणाचा हिशेब

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ मागे टाकले की किकवी येते. मी या भागात शिक्षक आहे. रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतली काही मुले विहारात थांबतात आणि वर्तमानपत्रातल्या एखाद्या विषयावर आम्ही बोलतो. लोहगावची लढाऊ विमाने आमच्या डोंगरांवरून अधूनमधून जातात. मान वर करून पाहावे तोवर विमान पुढे गेलेले असते, आवाज तेवढा मागे राहतो. एरवी त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला, त्या आठवड्यात मात्र प्रत्येक आवाजाला माणसे अंगणात येत होती.

त्याच दिवसांत सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "सर, देश एवढा पैसा संरक्षणावर घालतो, तरी दुसऱ्याचं विमान, ड्रोन आत येतंच कसं? आणि येणारच असेल, तर हा पैसा जातो कुठं?"

यावर दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे, की लढाई चालू असताना असले प्रश्न विचारणे हाच देशद्रोह. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हा सारा खर्च फुकट आहे, त्या पैशांत वसतिगृहे बांधावीत. मला दोन्ही उत्तरे पटली नाहीत, पण त्या वेळी तिसरे उत्तरही देता आले नाही. पुढे वाचून, विचार करून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. मी लष्करी तज्ज्ञ नाही. परंतु ज्या समाजाने सैन्यात माणसे दिली आणि कररूपाने पैसाही दिला, त्या समाजातल्या माणसाला हा हिशेब समजून घेण्याचा अधिकार आहे, असे मी मानतो.

१

प्रथम हद्दीचा अर्थ पाहू. गावाची शीव दगड रोवून, ओढा धरून, झाड दाखवून ठरवता येते. आकाशात दगड रोवता येत नाही. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने असे मान्य केले, की प्रत्येक राष्ट्राची त्याच्या भूमीवरील आणि किनाऱ्यालगतच्या सागरी पट्ट्यावरील आकाशात पूर्ण सत्ता आहे. हा सागरी पट्टा १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांचा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान तो पट्टा दीड मिनिटात ओलांडते. शीव ओलांडली हे कळून, आत आलेला कोण हे ओळखून, वर विचारून निर्णय घेण्यास एवढाच वेळ असतो.

दुसरी अडचण दिसण्याची. पृथ्वी गोल आहे आणि रडारची किरणे जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून १० मीटर उंचीवर बसवलेल्या शक्तिशाली रडारला १०,००० मीटर उंचीवरचे विमान सुमारे ४०० किलोमीटरांवरून दिसू शकते. तेच विमान १०० मीटर उंचीवरून आले, तर ५०-५५ किलोमीटरांवर येईपर्यंत दिसत नाही. म्हणजे साडेतीन मिनिटांचा अवधी. मध्ये डोंगर असेल तर तेवढाही नाही. आमच्या मुलांना हे समजावणे सोपे गेले. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून जेवढा मुलूख दिसतो, तेवढा किकवीच्या चावडीवरून दिसत नाही. म्हणूनच रडार विमानात बसवून आकाशात फिरवतात. पण अशी विमाने फार महाग असतात. भारताकडे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि भूसीमा पंधरा हजार किलोमीटरांहून लांब आहे. एवढ्या सीमेवर कुंपणासारखी अखंड नजर ठेवणे जगातल्या कोणत्याही राष्ट्राला परवडलेले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की संरक्षणाचा पैसा आकाशाला कुंपण घालत नाही. तो पाहण्याची, ओळखण्याची आणि प्रत्युत्तर देण्याची ताकद विकत घेतो. ती ताकद वापरायची असते माणसांनी. प्रश्न खरा तेथे सुरू होतो.

२

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रात येऊन संपले आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात आन्तोनोव्ह-२६ जातीच्या एका मालवाहू विमानाने हवाई छत्र्यांनी शस्त्रे टाकली. शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो गोळ्या. सकाळी गावकरी बाहेर पडले, तेव्हा त्यांना शेतांत, माळावर शस्त्रे पडलेली दिसली. देशाच्या हवाई हद्दीचा एवढा मोठा भंग झाला आणि तो प्रथम पाहिला तो परसाकडे आणि शेताकडे निघालेल्या गरीब माणसांनी.

हे विमान चोरून आत शिरले होते काय? नाही. ते कराचीहून रीतसर परवाना घेऊन आले. वाराणसीला उतरले, तेथे इंधन भरले. कागद सगळे ठीक होते. रात्री ते ठरलेली वाट सोडून पुरुलियावर गेले, माल टाकला आणि पुढे कलकत्त्याला जाऊन उतरले. तेथूनही ते देशाबाहेर निघून गेले. असा काही प्रकार होणार आहे, ही सूचना ब्रिटनकडून भारत सरकारला आधी मिळाली होती. परंतु दिल्लीहून बंगालला गेलेला इशारा टपालाने गेला आणि वेळेवर उपयोगी पडला नाही.

चार दिवसांनी तेच विमान परतीच्या वाटेवर पुन्हा भारतावरून निघाले. या वेळी हवाई दलाच्या मिग-२१ विमानाने त्याला अडवले आणि मुंबईच्या सहार विमानतळावर उतरवले. हवाई दलाने आपले काम चोख केले. पण त्यानंतर काय झाले? या कटाचा प्रमुख किम डेव्ही, ज्याचे खरे नाव नील्स होल्क, विमानतळावरून निसटला. पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रव्यापारी आणि पाच वैमानिक-कर्मचारी तेवढे पकडले गेले. २००० साली त्यांना जन्मठेप झाली. कर्मचाऱ्यांची त्याच वर्षी आणि ब्लीचची २००४ साली माफी देऊन सुटका झाली. होल्कला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला आणि २०२४ मध्ये पुन्हा दिला.

या प्रकरणात कोठे पैसा कमी पडला ते पाहा. परवाना तपासणाऱ्या मेजावर डोळे उघडे ठेवायला, इशाऱ्याचे पत्र टपालात न टाकता फोन उचलायला, खाली उतरवलेल्या विमानाभोवती पहारा ठेवायला किती कोटी लागले असते? अब्जावधींच्या यंत्रणेने आकाशात जे पकडले, ते जमिनीवर विमानतळाच्या दरवाज्यातून निघून गेले.

३

ही केवळ आपलीच गोष्ट आहे असे समजू नये. सोव्हिएत युनियनने आपल्या आकाशाभोवती जगातली एक सर्वांत दाट संरक्षणव्यवस्था उभारली होती. २८ मे १९८७ रोजी माथियास रुस्ट नावाचा पश्चिम जर्मनीचा एक पोरसवदा तरुण हेलसिंकीहून एक लहानसे सेस्ना विमान घेऊन निघाला आणि थेट मॉस्कोत क्रेमलिनजवळ उतरला. रडारवर तो दिसला होता. लढाऊ विमानांनी त्याला पाहिलेही होते. पण हा शत्रू की आपलाच कोणी, हे ठरले नाही आणि गोळी घालण्याचा हुकूम आला नाही. संरक्षणमंत्र्यांना जावे लागले.

हुकूम का आला नाही? त्याच्या चार वर्षे आधी, १ सप्टेंबर १९८३ रोजी, वाट चुकून आत आलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले होते. २६९ माणसे मेली. त्यानंतरच शिकागो करारात प्रवासी विमानांवर शस्त्र न चालवण्याचे कलम घालण्याचे १९८४ मध्ये ठरले. तीच यंत्रणा एकदा गोळी घालून चुकली आणि एकदा न घालून. दोन्ही वेळा पैसा होता, रडार होते, विमाने होती. ओळख पटली नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे, आणि ते लपवून देशाचे भले होणार नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी, काश्मीरमध्ये बडगामजवळ आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यांत नाशिकचा एक तरुण वैमानिक होता. खाली एक नागरिकही मेला. हवाई दलाच्या प्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे पुढे उघडपणे मान्य केले. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू येथे जाऊन पडले. त्या दिवशी हवाई हद्दीचा भंग आपल्या हातून झाला. सुदैवाने कोणी मेले नाही. भारताने खेद व्यक्त केला, चौकशी झाली आणि तीन अधिकाऱ्यांना नोकरीतून काढण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांमध्ये त्या दिवशी युद्ध पेटले नाही, याचे श्रेय कोणत्याही शस्त्राला देता येणार नाही. समोरच्याने थांबून विचार केला आणि आपण चूक मान्य केली, म्हणून ते टळले.

४

मग घुसखोरी कशाने कमी होते? एक उत्तर करारात आहे. ६ एप्रिल १९९१ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात हवाई हद्दीचा भंग टाळण्याविषयी करार झाला. लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हद्दीपासून १० किलोमीटरांच्या आत उडू नये, चुकून भंग झाल्यास चौकशी करून दुसऱ्याला ताबडतोब कळवावे, असे त्यात आहे. कागदावर शाईने ओढलेला हा दहा किलोमीटरांचा पट्टा कोणत्याही विमानापेक्षा स्वस्त आहे.

पण येथे भाबडेपणा नको. करार असूनही १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलचे युद्ध संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा, पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान कच्छच्या सीमेवर आले आणि आपल्या मिग-२१ ने ते पाडले. सोळा जण मेले. विमान कोणाच्या हद्दीत होते, यावर दोन्ही देशांनी वेगवेगळे सांगितले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि त्या न्यायालयाने २००० साली आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असे ठरवले. विश्वास संपला की करार कागदच राहतो. आणि हद्द राखायला प्रत्यक्ष विमानही लागतेच, हे नाकारून चालणार नाही. ते विमान मात्र नेहमी नवे आणि महागच असते असे नाही. सहारला आन्तोनोव्ह उतरवणारे आणि कच्छवर अटलांटिक पाडणारे मिग-२१ हे एकाच जुन्या जातीचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती जात सेवेतून निवृत्त झाली. त्यानंतर हवाई दलाकडे मंजूर ४२ पथकांच्या जागी २९ उरली. तेव्हा नवीन विमाने नकोत, असे म्हणणे मला शक्य नाही.

आता ड्रोनने हा हिशेब आणखी उलटा केला आहे. मे २०२५ मध्ये एका रात्रीत ३०० ते ४०० ड्रोन पाठवले गेले, असे भारत सरकारने सांगितले. त्यांतले पुष्कळ पाडले, हे खरे. पण स्वस्त वस्तू पाडण्यासाठी महाग वस्तू वापरावी लागते आणि पाठवणाऱ्याला तेच हवे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाचे सुमारे वीस ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. पोलंड हा २०२५ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात नाटो देशांत संरक्षणावर सर्वाधिक, चार टक्क्यांहून अधिक खर्च करणारा देश होता. त्या ड्रोनांपैकी काही तर प्लायवूड आणि फोमचे होते. त्यांच्यावर जगातली अतिमहाग लढाऊ विमाने सोडावी लागली. खर्चाने घुसखोरी थांबत असती, तर ती पोलंडवर व्हायला नको होती.

आणि १० मे २०२५ ला आपल्याकडची लढाई थांबली ती कशी? दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी एका सेनाधिकाऱ्याने दुसऱ्या सेनाधिकाऱ्याला फोन केला, असे आपल्या परराष्ट्र सचिवांनी सांगितले. त्या फोनमागे शस्त्रांचा धाक होता, हे मी नाकारत नाही. पण फोनची तार जोडलेली होती, हेही तितकेच खरे.

५

आता पैशाकडे येऊ. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले होते. केंद्राच्या एकूण खर्चाच्या ते तेरा टक्क्यांहून अधिक. यातले १ लाख ८० हजार कोटी नवीन सामग्रीसाठी आणि सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी. उरलेल्यातला मोठा भाग पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती यांवर जातो. म्हणजे "संरक्षणावर एवढा खर्च" असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला जेमतेम चौथा भाग नव्या शस्त्रांचा असतो.

निवृत्तिवेतन हा बोजा आहे, असे लिहिणारे पंडित पुष्कळ आहेत. मी तसे लिहू शकत नाही. माझे चुलते महार रेजिमेंटमध्ये होते. १९७१ साली ते पश्चिम सीमेवर होते. निवृत्त झाले नायक म्हणून, पण गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. माझी कॉलेजची फी त्यांच्या पेन्शनीतून गेली आहे. आमच्या वस्तीतली पहिली पक्की भिंत त्याच पैशाची. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची झाली. चौघांतला फार तर एक पुढे कायम होणार, उरलेल्या तिघांना पेन्शन नाही. मला प्रश्न विचारणारा मुलगा त्याच भरतीसाठी पहाटे महामार्गाच्या कडेने धावतो. काटकसर कोणाच्या ताटातून सुरू होते, हे यावरून समजावे.

सैन्यात जाण्यासाठी आपल्या माणसांना अर्ज करावे लागले आहेत, हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून जवळच, सासवडला, शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवून लष्कर आणि पोलिसांत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तीत डॉ. बाबासाहेबांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता.

त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना जे निवेदन केले, त्यात संरक्षणखर्चावर नेमके बोट ठेवले आहे. वर्षाला जमणाऱ्या ३५० कोटींच्या महसुलातून १८० कोटी सैन्यावर जातात, हा खर्च अवाढव्य आहे आणि तो आपल्या परराष्ट्रधोरणाचे फळ आहे, कारण अडचणीत मदतीला येईल असा मित्र आपण ठेवला नाही, असा त्यांचा आशय होता. त्याआधी, १९४० सालच्या पाकिस्तानवरील ग्रंथात, सुरक्षित सीमेपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले होते. ज्याने सैन्य हवे म्हटले, त्यानेच सैन्याचा हिशेब मागितला. या दोहोंत विरोध नाही. अर्थशास्त्राचा तो विद्यार्थी होता. पैसा किती, एवढे विचारून तो थांबला नाही. हा पैसा लागतो का, हे त्याने विचारले.

६

शीव राखण्याविषयी आपल्या समाजाला कोणी शिकवावे असे नाही. गावगाड्यात वेसकर महार होता. रात्री वेशीत परका कोण आला, हे तोच सांगत असे. शिवेचा तंटा झाला की दगड कोठे होता, ते महाराला विचारले जाई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. शीव त्याने राखली, पण गावाच्या आत त्याला घर नव्हते. भाकरी मागून आणावी लागे. ते वतन कायद्याने गेले, हे योग्यच झाले. पण त्या राखणदारीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. राखण उभी होती ती डोळ्यांवर, ओळखीवर आणि वेळेवर दिलेल्या वर्दीवर. वर्दी पाटलाने ऐकलीच नाही, तर वेसकर जागा राहूनही चोरी होत असे. १९९५ साली तेच झाले.

पुढच्या रविवारी मी हे सारे विहारात सांगितले. मेजरही आले होते. सगळे ऐकून ते त्या मुलाला म्हणाले, "पोरा, राखणदार किती ठेवलं यानं चोरी थांबत न्हाय. त्याला दिसतंय का, त्याचं कुणी ऐकतंय का, आन् त्याच्या घरी चूल पेटती का, ते बघ."

माझे उत्तर यापेक्षा फार वेगळे नाही. संरक्षणखर्चाने हवाई हद्दीचा भंग पूर्ण थांबत नाही. तो झाल्यावर कळणे, ओळखणे आणि योग्य उत्तर देणे यासाठी तो खर्च लागतो आणि तेवढा तो झालाच पाहिजे. भंग कमी होतात ते करार पाळल्याने, बोलण्याची वाट उघडी ठेवल्याने आणि चूक करणारा कितीही मोठा असला तरी त्याला जाब विचारल्याने. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत अंदाजपत्रक येईल तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी केवळ मोठा आकडा पाहून टाळी वाजवू नये किंवा शिवीही देऊ नये. त्यातले टेहळणीला किती, दुरुस्तीला किती, जवानाला किती, हे उलगडून पाहावे. मागच्या चुकीची चौकशी झाली का आणि तिचा अहवाल लोकांपुढे आला का, हे आमदार-खासदारांना विचारावे.

तो मुलगा अजून पहाटे धावतो. त्याने भरती होऊ नये असे मी त्याला सांगितलेले नाही. विचारणे सोडू नकोस, एवढे सांगितले आहे.